ट्रेलर, घर आणि ‘हे’ यांच्या व्यवस्थेबाबत

मी, सौ. चित्रलेखा चंद्रहास वालावलकर, वय वर्षे एकोणसत्तर, पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त, कायमची राहणार टार्निट, मेलबर्न, सध्या मुक्काम हॅरिएटव्हिलजवळचा नदीकाठचा कॅम्प, हा लेख आज पूर्ण भानावर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारा तिकडे मेलबर्नमध्येच, पॉइंट कुकला राहतो, आणि मी फोन बंद करून गाडीमागे जोडायच्या आमच्या तंबूच्या ट्रेलरच्या ड्रॉवरमध्ये चमच्यांखाली ठेवला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसे एखादे कोणी पुढे आणल्यास ते खोटे समजावे आणि आणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नये.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाला, “रुटीन आहे, नो वरीज.” दुसऱ्याचं हृदय असलं की सगळं रुटीनच असतं. मी वाचेन असं मलाही वाटतं. पण न वाचले तर माझ्यामागे काय होईल हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि ते होऊ नये म्हणून हा खटाटोप. इंग्रजी मसुदा वकील लीनाताई करणार आहेत. मधले टोमणे काढून टाका, असं त्यांनी सुचवलं. काढणार नाही.

कलम १. माझे पती श्री. चंद्रहास यांचा उल्लेख यापुढे ‘हे’ असा येईल. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत कधी नावाने हाक मारली नाही. आता सरकारी कारकुनाच्या सोयीसाठी सुरुवात करायची माझी तयारी नाही.

गेल्या वर्षीच्या लांबलचक लॉकडाऊनपासून ह्यांना विसर पडू लागला आहे. हे मी लपवत नाही. दूध फ्रिजऐवजी भांड्यांच्या कपाटात जातं. नातवाला, म्हणजे तनयला, हे कधीकधी स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात. पण डोंगरात ह्यांचं काहीही चुकत नाही. पायवाटेला फाटा आला की मी नकाशा उघडेपर्यंत हे वळलेले असतात, आणि बरोबर वळलेले असतात. ट्रेलर उभा करणं, पाय टेकवणं, कॅनव्हास ताणणं, सगळं हे करतात. मी फक्त मागे उभी राहून ओरडते.

कलम २. टार्निटचं घर आम्हा दोघांच्या नावे आहे. माझा हिस्सा माझ्यामागे मुलगा चि. श्रेयस याला मिळावा, परंतु हे हयात असेपर्यंत ह्यांना त्या घरात राहण्याचा पूर्ण हक्क राहील. तोवर घर विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, त्याचा ‘पोटेन्शियल’ बघायला कोणाला आणता येणार नाही. मागे श्रेयसने एका एजंटला ‘माझा फ्रेंड आहे, सहज आलाय’ म्हणून आणलं होतं. त्या फ्रेंडने सहज भिंती मोजल्या. मी त्याला पोहे दिले, हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

ही अट का घालावी लागते ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे ‘आईचं डोकं फिरलं होतं’ असं कोणी म्हणायला नको.

मागच्या महिन्यात पाडव्याला आम्ही इथेच होतो. ह्यांनी ट्रेलरच्या छताचा सुटा दांडा काढून गुढी उभारली. माझा खण, तांब्या, साखरेची गाठी टार्निटच्या दुकानातली, आणि कडुनिंब कुठला मिळायला, म्हणून घरच्या कुंडीतली कढीपत्त्याची डहाळी. आजूबाजूची झाडं पिवळीजर्द, खाली पानांचा नुसता सडा, आणि त्यात आमची हिरवी गुढी. शेजारच्या तंबूतली बेरिल येऊन विचारून गेली की हा कुठला झेंडा. ह्यांनी तिला चैत्र, वसंत, रामराज्य सगळं समजावून सांगितलं. श्रीखंड खाताना ती म्हणाली, “हॅपी न्यू इयर, मेट.” हे असे खूश झाले होते!

तेवढ्यात श्रेयस आला. मला वाटलं, सणाला आला. इतकी वर्षं झाली तरी मला असं वाटतं, काय म्हणावं! तो आला होता ह्यांची परीक्षा घ्यायला. इंटरनेटवरून शोधलेल्या कुठल्याशा खासगी संस्थेची एक बाई, तिची वेळ त्याने परस्पर ठरवलेली. त्याने लॅपटॉप आमच्या घडीच्या टेबलावर, श्रीखंडाच्या वाट्या बाजूला सारून ठेवला आणि मला म्हणाला, “आई, तू मध्ये बोलायचं नाही हं. इट्स अ स्टँडर्ड टेस्ट.”

पडद्यावरच्या त्या बाईने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ह्यांना नंतर एकच आठवला. खरं ते लिहिते. मग तिने विचारलं, “चंद्रहास, आत्ता कोणता ऋतू चालू आहे?”

ह्यांनी गुढीकडे बघितलं आणि म्हणाले, “स्प्रिंग. आज पहिलाच दिवस.”

बाईने मान हलवून काहीतरी टाइप केलं. मग विचारलं, “आज काय वार?” हे म्हणाले, “पाडवा.” पुन्हा टक टक टक.

श्रेयस शेजारीच बसला होता. लहानपणी ह्याच माणसाच्या खांद्यावर बसून त्याने गुढीला गाठी बांधली आहे. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, की बाई, आमचं वर्ष आज सुरू होतं आणि वसंतात सुरू होतं, तुमच्या झाडांनी पानं टाकली म्हणून आमचा चैत्र बदलत नाही. मी म्हटलं, “अरे, सांग ना तिला!” तर हा लॅपटॉपचं तोंड वळवून म्हणतो, “सॉरी अबाउट मम, प्लीज कंटिन्यू.”

सॉरी अबाउट मम! नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराने एका अनोळखी बाईकडे माझ्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

अहवालात लिहून आलं की रुग्णाला ऋतूचं आणि दिवसाचं भान नाही, पूर्णवेळ देखरेखीची जागा बघावी. लगेच पुढच्या आठवड्यात श्रेयसने एका वृद्धाश्रमाचं चकचकीत माहितीपत्रक पाठवलं. कव्हरवर एक म्हातारा फुग्याकडे बघून हसतो आहे. ह्यांना तिथे ठेवायचं, टार्निटचं घर विकायचं आणि मी पॉइंट कुकला राहायला जायचं, असा बेत. सूनबाई मयूरा फोनवर म्हणाली, “आई, तुमच्यासाठी मागे ग्रॅनी फ्लॅट बांधू ना. मुलांनाही तुमची किती सवय आहे!” म्हणजे नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे, पाळणाघराच्या मागच्या अंगणात. गेल्या वर्षी, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही या लॉकडाऊनच्या नियमाकडे बोट दाखवून हीच मंडळी महिनोन् महिने फिरकली नव्हती. आजारी माणसाची काळजी घ्यायला जायला मुभा होती, पण ती वाचायला बहुधा वेळ झाला नसावा. त्याच वर्षी असल्या आश्रमांत किती म्हातारे काचेपलीकडच्या मुलांकडे बघत गेले, ते आम्ही टीव्हीवर रोज पाहिलं. श्रेयसनेही पाहिलं असेल. ह्यांना मी तिथे जाऊ देणार नाही. मेल्यावरही नाही.

कलम ३. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी टार्निटची शेजारीण श्रीमती नीला आचरेकर हिला नेमते. नीला निवृत्त नर्स आहे, स्वतः गाडी चालवते, आणि गोड बोलत नाही. ह्यांच्या औषधपाण्याचे आणि राहण्याचे निर्णय मी नसताना तिनेच घ्यावेत, असा वेगळा कागद ह्यांनी भानावर असताना स्वतः सही करून दिला आहे. श्रेयसला हे कळल्यावर तो म्हणेल, “पण ती आपली कोण लागते?” लॉकडाऊनभर हिने आमच्या दाराशी रोज डबा ठेवला. ती आपली तेवढी लागते.

कलम ४. ट्रेलर, टो-बार, जॅक, पाण्याचे कॅन, गॅसची शेगडी आणि सगळी हत्यारं नीलाला द्यावीत. अट एकच: दर वर्षी पानं पिवळी पडली की तिने ह्यांना इथे घेऊन यावं. श्रेयसला ट्रेलर नको आहेच. त्याला त्याची लाज वाटते. “लोक विचारतात, पेरेंट्स कॅम्पिंग ग्राउंडवर का राहतात,” हे त्याचं वाक्य. टॉयलेटची टाकी रिकामी करायला सांगितल्यावर त्याने गाडीत जाऊन काच वर केली होती, असल्या माणसाला ट्रेलर मिळून उपयोग तरी काय?

ह्यांना सांभाळणाऱ्यासाठी सूचना, याच कलमात: चालताना ह्यांचा कोपर धरू नये, चिडतात. एक पाऊल मागे राहावं. चढावर बोलतं ठेवावं, म्हणजे दम लागल्याचं लवकर कळतं. चहात आलं ठेचून, किसून नाही. आणि समोर येऊन, “काका, ओळखलंत का मला?” असं कोणीही विचारू नये. आपलं नाव सांगावं आणि गप्प बसावं. एवढी मोठी घोडी झाली तरी लोकांना हे कोडं घालायची कसली हौस असते, देव जाणे.

कलम ५. माझ्या नावे बँकेत जे असेल त्यातून ह्यांच्यासाठी घरी येणारी मदतनीस ठेवावी. उरेल ते तनय आणि त्याच्या बहिणीला सारखं वाटावं. तनय मला इंग्रजीतच उत्तर देतो, पण मागच्या सुट्टीत आजोबांच्या बुटाची नाडी बांधत होता आणि “यू आर राइट, आजोबा,” म्हणजे ‘असू दे, काही काळजी नाही’, म्हणत होता. हे त्याला कोणी शिकवलं नसणार. त्याच्या घरात तरी नाही.

कलम ६. पाटल्या नातीला. माझा तीन लिटरचा कुकर मयूराला. पहिल्या वर्षी इथे डाळ लावली तेव्हा शिट्टी ऐकून बेरिल अग्निशामक नळकांडं घेऊन धावत आली होती. त्यावर मयूरा म्हणाली होती, “सो एम्बरॅसिंग!” बेरिलने मात्र दोन वाट्या डाळ खाल्ली आणि तेव्हापासून ती दर वर्षी आमच्या शेजारचीच जागा मागून घेते. कुकर मयूराला मिळावा आणि तिने तो आवाज ऐकावा, अशी माझी इच्छा आहे.

कलम ७. आमच्या इथल्या मराठी मंडळाला काही नाही. गेल्या वर्षी आमच्या ट्रेलरचा विषय निघाला तेव्हा मंडळाच्या ज्येष्ठ कट्ट्यावर, झूमवर, माईक बंद करायला विसरलेले खजिनदार श्री. दत्तप्रसाद म्हणाले होते, “या वयात तंबूत? मुलाने बाहेर काढलं असणार.” तेच दत्तप्रसाद सध्या इथल्या लाकडी केबिनमध्ये उतरले आहेत. डोंगर बघायला आले आहेत आणि हीटरसमोर बसून बघत आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असं लीनाताई म्हणाल्या, म्हणून मुद्दाम त्यांनाच साक्षीदार केलं आहे.

कलम ८. माझ्या अंत्यविधीला माणसांच्या संख्येवर बंधन असल्यास खूपच चांगलं. नसल्यास घालावं.

इथे लेख संपला होता. साक्षीदारांना बोलावण्याआधी मी तो ह्यांना वाचायला दिला. घडीच्या खुर्चीत, ब्लँकेट पायांवर घेऊन, बोट फिरवत ह्यांनी सगळा वाचला. कलम सात वाचून हसले. श्रेयसबद्दलचा भाग वाचून म्हणाले, “फार झोडपलंस त्याला.” मी म्हटलं, “कमीच आहे.” मग कागद सारखे केले आणि मला विचारलं, “लेखा, यात सगळीकडे तूच आधी जातेस. मी आधी गेलो तर?”

मी म्हटलं, “काहीतरीच बोलू नका.”

“अगं, मी मोठा आहे तुझ्यापेक्षा वयाने. आणि माझं हे असं डोकं. मी गेल्यावर तुझं कोण बघणार? ते कलम कुठाय?”

कुठेच नव्हतं. इतक्या दिवसांत मी ह्यांच्या चहातल्या आल्यापर्यंत सगळं लिहिलं आणि ही एक गोष्ट माझ्या मनालाही शिवली नव्हती. हे कागद माझ्यापुढे धरून थांबले होते, पेन माझ्या हातात होतं. हे म्हणाले, “लिही. मी सांगतो ते नाही, तुला वाटतं ते लिही.”

कलम ९. हे आधी गेल्यास वरची सगळी कलमं निरर्थक होतात. तसं झालं तर नीलाने मला या डोंगरात आणू नये. मला इथे एकटीला राहवणार नाही. मृत्युपत्रात हे बसत नाही हे मला कळतं. लीनाताईंनी खोडलं तरी चालेल, पण खोडायच्या आधी एकदा श्रेयसला वाचून दाखवावं. हे गेले की माझ्याकडे त्यालाच बोलवा. तो उशीर करेल, सबबी सांगेल, आला की फोनवरच असेल. तरी त्यालाच बोलवा. मला दुसरं कोण आहे?

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

सौ. चित्रलेखा चंद्रहास वालावलकर

आम्ही खाली सही करणारे असे नमूद करतो की चित्रलेखाबाईंनी वरील लेखावर आमच्या समोर, लाकडी टेबलापाशी, अंतर राखून सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. सही करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते थंडीमुळे असल्याचे त्यांनी आम्हांस सांगितले.

साक्षीदार १: दत्तप्रसाद शिरोडकर
साक्षीदार २: बेरिल हॉकिन्स (मजकूर श्री. दत्तप्रसाद यांनी इंग्रजीत सांगितला, कलम सात वगळून)

स्थळ: हॅरिएटव्हिल, व्हिक्टोरिया
दिनांक: २२ मे २०२१