बिनकर्जी माणसाला कार्ड मिळत नाही

पाचोरा

माझा एकुलता एक, सख्खा, धाकटा भाऊ चि. हेमराज यास निंबाभाऊचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझी तब्येत, ज्योतीचे गुडघे, मुलांची शाळा, तुझं क्रेडिट कार्ड आणि तुझ्या गाडीचे, फ्रिजचे, टीव्हीचे हप्ते सगळं ठणठणीत असेल, अशी आशा आहे. (हप्त्यांची चौकशी मी पहिल्यांदाच करतोय, दचकू नकोस.)

आपल्या मोहिनीचे सासरे लीलाधरराव तुला माहीत आहेतच. धुळ्याला गेलो की हॉटेलात नेतात, आणि मी बंडीच्या खिशातून नोटा काढेपर्यंत कार्ड पुढे करून मोकळे होतात. मुलीच्या सासरी पाणीसुद्धा न पिणाऱ्या आजोबांचा मी नातू. दरवेळी व्याह्यांचं खायचं म्हणजे घास उतरत नाही रे. आता अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ते जळगावला येणार. या खेपेला बिल मीच भरणार, तेही कार्डानं, असं ठरवून बँकेत गेलो. तिथल्या रूपाली मॅडमनी (आपल्या मोहिनीच्या वयाची पोर, पण मॅडम म्हणावं लागतं) संगणकात पाहून सांगितलं, काका, तुमचा सिबिल, म्हणजे पत मोजायचा आकडा, उणे एक. आयुष्यात कर्ज काढलं नाही, म्हणून उणे. बुडवणाऱ्यालाही म्हणे तीनशे तरी मिळतात. उपाय विचारला तर म्हणाल्या, आमच्याकडे ठेव ठेवा, तिच्यावर कार्ड देऊ. म्हणजे म्हैस आपली, खुंटा त्यांचा, आणि दूध आपल्यालाच उधार.

मी म्हटलं, पतच हवी ना, मग साक्षीदार आणतो. दुसऱ्या दिवशी आपल्या किराणावाल्या रतिलालला घेऊन गेलो. त्यानं छाती पुढे काढून सांगितलं, "निंबाभाऊना शब्द पक्का शे, बठ्ठा गावले माहीत शे." मॅडमनी सगळ्या गावाला माहीत असलेला माझा शब्द बाजूला ठेवला आणि त्याचाच पॅन नंबर विचारला. दुकानाचं कर्ज, गाडीचं कर्ज, पोराच्या फोनचे हप्ते, असा भरलेला माणूस पाहून त्यांनी चहा मागवला. कार्ड रतिलालला मंजूर झालं. परतीच्या रिक्षाचं भाडं मी दिलं, रोख.

बाकी विशेष काही नाही.

तुझा,
निंबाभाऊ

ता.क. : मॅडम म्हणतात, एखाद्याच्या कार्डावर घरच्या माणसाला जोडकार्ड मिळतं; पण नवराबायको, आईबाप, मुलं, नाहीतर सख्खा भाऊ. दिवाळीत तू हप्त्यावर गाडी आणलीस तेव्हा 'कर्ज काढणारा माझा भाऊ नाही' असं मी चारचौघांत बोललो होतो. ते परत घेतो. लेखी घेतो, कारण बँकेला नातंही लेखीच लागतं.

ता.क. २ : जोडकार्डाचं बिल मूळ मालकाच्या नावावर येतं, असं आत्ताच कळलं. म्हणजे व्याह्यांना जेवू मी घालणार आणि कर्जात तू जाणार. असू दे, तुला सवय आहे.