एका तासाला दोन शिक्षक

६ जानेवारी
प्रिन्सिपलनी बोलावलं. नवी मिश्र पदवी आखायची, समन्वयक मी. इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, सगळं एकात. विषय माझाच: कावेरीचं पाणी, त्यावरची शेती आणि त्या शेतीची जुनी मोडी कागदपत्रं. मागच्या वर्षी सुचवला तेव्हा "पाक्कलाम" म्हणाले होते. म्हणजे बघू या. तंजावरात तोंडावर नाही म्हणायचं नसलं की हे म्हणतात. आता हो म्हणाले, म्हणजे शेजारच्या कॉलेजने असलंच काहीतरी काढलेलं दिसतंय. असेना का.

घरी सांगितलं. जयू बारावीच्या पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "खरेंच होणार कां, आई? मग मी इंजिनिअरिंगला जाणार नाही." हे म्हणाले, "पहिलें परीक्षा लिही."

पुण्यात इतिहासात एम.ए. केलं त्याचा एवढा फायदा, इथे लिहिलेलं घरात कोणाला वाचता येत नाही. दोघंही तंजावरची जुनी मराठी बोलतात आणि वाचतात तमिळ. तेव्हा राग काढायला ही वही बरी.

२० जानेवारी
आज भूगोलाच्या सेल्वम सरांबरोबर मुलांना पापनाशमकडच्या कालव्यावर नेलं. नमुन्याचा तास. धरण महिनाअखेरीला बंद होतं, म्हणून घाईने. जयूही अभ्यास टाकून आली.

मी मोडीतला जुना हुकूम वाचला, अमुक गावाने कालव्याच्या वरच्या तोंडाचा गाळ काढावा. तमिळमध्ये अर्थ सांगितला. सेल्वम बांधावर उभे. म्हणाले, "मॅडम, हा हुकूम चुकीचा आहे. तिथला गाळ काढला तर पाणी खालच्या गावाला जाईल, या गावाला नाही." मी म्हटलं, कागद स्वच्छ आहे. ते म्हणाले, उतार त्याहून स्वच्छ आहे. जुंपली आमची. मुलं आधी घाबरली, मग दोन बाजू करून भांडायला लागली. एक मुलगी म्हणाली, हुकूम खालच्या गावच्या कोणीतरी काढवून घेतला असेल! तिचं बरोबर असणं शक्य आहे. कागदात ते नाही आणि उतारातही नाही, दोन्ही एकदम समोर असले तरच दिसतं.

हीच पदवी. बाकी सगळं भरताड. येताना बसमध्ये जयू एकसारखी बोलत होती. मी फार खूश आहे.

११ मार्च
मीटिंग. अंगाची लाही लाही.

प्रत्येक विभागप्रमुख आपापले जुने पेपर घेऊन आला. अर्थशास्त्राला आपलं पहिल्या वर्षाचं सगळंच्या सगळं हवं. वनस्पतिशास्त्राला शेवाळ. शेवाळ! कोणीतरी म्हणालं, "टूरिझमचा एक घालू, मुलींना नोकरी मिळते." घरात उरलेल्या भाज्या एका पातेल्यात ओतल्या की झालं सांबार, अशी यांची समजूत. यांच्या बायकांना विचारा म्हणावं.

जोडतासाचा, म्हणजे एका तासाला दोघांनी मिळून शिकवायचा, विषय शेवटी, कॉफी आल्यावर. अर्थशास्त्राचे वासुदेवन, सगळ्यांत जुने, टाइमटेबल त्यांच्या हातात. म्हणाले, "एका तासाला एकच नाव. वर्कलोड कोणाचा धरायचा?" मी म्हटलं, दोघांचा. "मग कॉलेजने एक तास शिकवून दोन मोजायचे का?" सगळे हसले. मेदूवडा तोंडात असताना हसले. सेल्वम बिचारे म्हणाले, "माझा मोजू नका, मी हौसेने उभा राहीन." मला त्यांचाही राग आला. हौसेने उभं राहायला ते काय लग्नातले वाजंत्री आहेत?

१२ मार्च
काल एक गोष्ट लिहायची राहिली, कारण लिहिताना पेन मोडेल असं वाटलं.

वासुदेवननी कालव्यावरचा पेपर उचलून सहाव्या सेमिस्टरला टाकला. "तेव्हा सगळ्यांचा वर्कलोड हलका असतो." म्हटलं, सर, तेव्हा कालव्यात पाणी नसतं. म्हणाले, "फोटो दाखवा."

या माणसाची शेती पापनाशमला आहे. पाणी कधी सुटतं आणि कधी बंद होतं, हे त्याला झोपेतसुद्धा ठाऊक. पाणी उशिरा आलं की हाच स्टाफरूममध्ये सरकारला शिव्या घालतो. पण टाइमटेबल हातात घेतलं की हा शेतकरी कुठे जातो? खोलीत निम्मे लोक या त्रिभुज प्रदेशातल्या गावांचे. पाण्याचा पेपर कोरड्या कालव्यात, आणि सगळ्यांच्या माना डोलतायत.

घरी यांना सांगितलं. "तूं इतकें मोठ्यानें बोललीस म्हणून त्यांनी ऐकलें नाही." म्हणजे चूक माझीच. वा.

२ एप्रिल
प्रिन्सिपलकडे एकटी गेले. ठरवून हळू बोलले. ते अगदी गोड. "तुमचा मुद्दा उत्तम आहे, मॅडम." उत्तम म्हटलं की समजावं, पानावर वाढणार नाहीत.

तोडगा निघाला. एक आठवडा मी, एक आठवडा सेल्वम. दोघांची नावं, दोघांचा वर्कलोड, कोणाची तक्रार नाही. म्हणजे मी कागद वाचणार तेव्हा उताराचा माणूस नाही, आणि तो उतार दाखवणार तेव्हा कागद नाही. भांडायचं कोणाशी? मुलांनी आठवडाभर माझं वाक्य डोक्यात धरून ठेवायचं का?

पेपर पाचव्या सेमिस्टरला मात्र हलवला. पाण्याच्या दिवसांत. यासाठी मी आभारही मानले! स्वतःचाच राग येतोय.

३ एप्रिल
सेल्वम म्हणाले, "मॅडम, एवढं तरी झालं. पुढे बदलू." त्यांच्या विभागाला दोन वर्षं पुरेशी मुलं नाहीत. पदवी झाली तर त्यांची नोकरी टिकते. ते भांडणार नाहीत, मला कळतं. कळलं म्हणून राग जात नाही.

१० मे
निकाल. जयूला छान मार्क. आत्या, मामा, शेजारी, सगळ्यांचा एकच प्रश्न, कुठलं इंजिनिअरिंग? जयू सगळ्यांना सांगते, "आईच्या कोर्सला." तेही ताठ मानेने. मग कोणीतरी, "असो दे, मार्क चांगले अहेत, मागून एम.बी.ए. करूं दे."

तिला अजून एक आठवडा मी-एक आठवडा सेल्वम हे सांगितलेलं नाही.

१४ जून
अ‍ॅकॅडमिक कौन्सिलमध्ये पास. टाळ्या. प्रिन्सिपलनी मला शाल घातली. वासुदेवननी हात जोडून अभिनंदन केलं, मनापासून. तो माणूस वाईट नाही, हेच सगळ्यांत चीड आणणारं. टूरिझम आहे. शेवाळही आहे. मोडी एका सेमिस्टरपुरती, "ऐच्छिक". समन्वयक म्हणून सही केली. न करून काय, दुसऱ्याने केली असती आणि मोडीही गेली असती.

शाल खुर्चीवर फेकली ती अजून तिथेच आहे. इस्त्री करणाऱ्या बाईला द्यावी.

१५ जून
जयूला सांगितलं. स्वयंपाकघरात, डांगर पचडीत दही कालवताना, तिच्याकडे न बघता.

"म्हणजे सेल्वम सर तुजबरोबर नसणार?"
"एक आठवडा ते, एक आठवडा मी."
"मग भांडण?"
"भांडण नाही."
मग म्हणाली, "आई, मी त्या भांडणासाठीं येत होतें."
मी म्हटलं, पुढे बदलेल. सेल्वमचं वाक्य, शब्द न बदलता. माझ्या तोंडून ते फार घाण वाटलं.

५ जुलै
त्रिचीला इंजिनिअरिंगची सीट लागली. सोमवारपर्यंत पक्की करायची. हे तिकडच्या बसच्या वेळा मोठ्याने वाचतात. मी ओरडले. उगीच.

जयू म्हणते, "तूं सांग. तूं आंखलास, तुला ठाऊक. चांगला अहे कां नाही?"
चांगला आहे. नाही. यातला प्रत्येक पेपर चांगला आहे. पण जोडणार कोण, तर कोणीच नाही. अठरा वर्षांच्या पोरीने स्वतःच जोडायचं? वीस वर्षं शिकवणाऱ्यांना जे जमलं नाही ते? असं तिला म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते." तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी मला दिसलं. तरी तेवढंच म्हटलं.

७ जुलै, रविवार
प्रवेशाचा दिवस. कॉलेजात आमचं टेबल शेवटचं, कॉम्प्युटर सायन्सच्या रांगेपलीकडे. जयू पत्रकं वाटायला आली होती, मी न सांगता. दुपारपर्यंत पालक येऊन फक्त वाचून गेले.

मग ओरत्तनाडूचे एक गृहस्थ, सरकारी कचेरीत कारकून, मुलगी बरोबर. मुलीला मनापासून हवं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. वडिलांनी सगळं नीट विचारलं. नोकरी, पुढचं शिक्षण, बस. मी उत्तरं दिली, चांगली दिली. त्यांना पटतही होतं. मुलीने पेन काढलं.

तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला मुलंबाळं?"
"एक मुलगी. यंदा बारावी झाली."
"मग ती हाच कोर्स करणार असेल ना?"

इतका राग आला. खोचकपणे विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या माणसाने साधेपणाने विचारलं, मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. त्याला काय सांगू, वासुदेवनला विचारा? प्रिन्सिपलना विचारा? सही माझी आहे.

जयू दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पत्रकं छातीशी धरून. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत होती. त्यांची मुलगीही आता माझ्याकडेच बघत होती, पेन तसंच हातात.

मी तोंड उघडलं.