श्री. अबक यांची खिडकी

२ फेब्रुवारी

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि. पत्र बघून दचकू नका, सगळे ठणठणीत आहोत. फोनच केला असता, पण घरातला असो की दुकानातला, पहिल्या रिंगला तुमचे दादाच उचलतात आणि आवाज ओळखीचा निघाला की त्यांचा चेहरा पडतो. ते मला आता बघवत नाही.

कारखाना बंद पडल्यावर त्यांनी खिडक्या-दारांच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्याला तीन महिने झाले. पाटी रंगवून झाली, रंध्याला धार लावून झाली, कपाटात खिळे मापाप्रमाणे लावून झाले. आता तेच खिळे उलट्या क्रमाने लावताहेत. गिऱ्हाईक म्हणून नाही. महिनाअखेरपर्यंत काम आलं नाही तर मालकाला किल्ली परत देणार, असं काल त्यांनी मला शांतपणे सांगितलं. आरडाओरडा केला असता तर मी एवढी घाबरले नसते.

मीही काही कमी शहाणी नाही. दुकानाचा फोन चालू आहे ना, ते बघायला शेजारच्या शिंपिणीकडून लावला आणि आवाज बदलून खिडकीचा भाव विचारला. ते इतक्या हौसेने सांगायला लागले की मला रडूच फुटलं, मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी ते दिवसभर त्या बाईंच्या फोनची वाट बघत बसले. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

तुमच्या ऑफिसात गिऱ्हाइकांच्या चौकशा कारागिरांना वाटून देतात ना? दोन-चार इकडे वळतील का? मात्र तुमचं नाव येता कामा नये. धाकट्याची मदत त्यांना जन्मात खपायची नाही. कुठल्याशा यादीत दुकानाचं नाव मीच घातलं, असं सांगेन.

लोभ आहे तसा ठेवा आणि पत्र फाडून टाका.
तुमची वहिनी

७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि. तुम्ही अगदी योग्य माणसाला सांगितलंत. ऑफिसात मला 'ऑर्डरवाला' म्हणतात, आणि मी ते खाली मान घालून, पण कान टवकारून ऐकतो.

आमचा धंदा समजावून सांगतो. ज्याच्या घरी काही मोडलंय तो आमच्या वेबसाइटवर नाव, पत्ता आणि रडगाणं भरतो. ही झाली लीड. इकडे प्रत्येक कारागिराच्या नावाने मी ऑर्डर भरून ठेवतो: कुठलं काम हवं, कुठल्या भागातलं, दिवसाला किती. लीड आली की सॉफ्टवेअर सगळ्या ऑर्डरी चाळतं आणि जिथे जमेल तिथे, सरळ कारागिराच्या फोनवर धाडतं. वाढप्याचं काम म्हणा ना. ज्याची जेवढी भूक, तेवढं वाढायचं.

आमच्या मॅडमना विचारून दादाची ऑर्डर आज स्वतःच्या हाताने भरली. उद्यापासून दुकानात खुर्च्या कमी पडल्या तर मला बोल लावू नका.

आशीर्वाद असू द्या, मी काळजी घेतोच आहे.
आपला दीर

१६ फेब्रुवारी

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि. खुर्च्या पुरल्या. एकीवर ते बसतात, दुसरीवर त्यांचा डबा. इतक्या दिवसांत फोन फक्त एकदा वाजला, तो चुकून लागलेला. त्या माणसालाही यांनी पाच मिनिटं सोडलं नाही.

ऑर्डरवाले म्हणे! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. काल त्यांनी दुकानाच्या किल्लीला लाल दोरा बांधला, परत देईपर्यंत हरवू नये म्हणून. मी बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगीचच दुसऱ्यांदा घासली.

जमत नसेल तर तसं सांगा. राग नाही, लोभ आहेच.
वहिनी

१९ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि. जोडे मारा, पण नेम धरून मारा. नवी ऑर्डर भरली की ती आधी 'थांबवलेली' असते. सगळं तपासायचं आणि मग आठवणीने चालू करायची. ही गोष्ट ऑफिसात नव्या लोकांना मी शिकवतो. शिकवतो, वहिनी! आणि सख्ख्या भावाची ऑर्डर इतके दिवस हाताची घडी घालून बसली होती. तेवढ्यात कितीतरी खिडक्या दुसऱ्यांकडे गेल्या.

आज चालू केली. पुन्हा हसं नको म्हणून एक खोटी लीड भरून चाचणीही घेतली. पोचल्याची हिरवी खूण लगेच आली. आता चूक व्हायला जागाच उरलेली नाही.

माझ्यावरचा विश्वास उडाला असेल तर निदान सॉफ्टवेअरवर ठेवा.
आपला दीर

२० फेब्रुवारी

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि. तुम्ही काय जादू केलीत ठाऊक नाही, पण काल दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं! गृहस्थांचं नाव जरा चमत्कारिक आहे, श्री. अबक. असतात बाई एकेकाची नावं. मागच्या खोलीची खिडकी लागत नाही, रात्रभर वारा येतो, अशी तक्रार आहे. त्यांचा फोन काही लागेना. पण पत्ता निघाला तुमच्या दोघांच्या जुन्या शहरातला. तो यांनी पुन्हा पुन्हा वाचला, मग म्हणाले की ही गल्ली आपल्याला पाठ आहे, स्वतःच जाऊन येतो.

आज सकाळी गुळगुळीत दाढी करून, पिशवीत रंधा आणि खिशात टेप घेऊन पहिल्या बसने गेले. शर्टाला मी दोनदा इस्त्री केली. दुसऱ्यांदा नुसती हौस म्हणून.

भाऊजी, तुम्हाला काय काय बोलले होते, ते सगळं परत घेते. तुमचा लोभ असाच राहो.
वहिनी

२२ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
नमस्कार. खुर्चीवर बसून वाचा.

श्री. अबक म्हणजे मी.

चाचणीची लीड आपल्याच फोनवर घ्यायची असते. त्यासाठी एक चौकट असते, तिच्यावर टिचकी मारायची असते. ती मी मारली नाही. भागाचा रकाना नंतर भरू म्हणून रिकामा सोडला होता. मला वाटलं, रिकामा म्हणजे अजून कुठेच नाही. सॉफ्टवेअरला वाटलं, रिकामा म्हणजे सगळीकडे. आणि पत्त्याच्या जागी बोटांनी आपणहून लिहिला तो आमच्या लहानपणच्या भाड्याच्या दोन खोल्यांचा. ते घर सुटल्यावर तुम्ही आमच्यात आलात, म्हणून तुम्हाला ओळखू आला नाही. तिथली मागची खिडकी खरंच लागत नसे. तिच्याखाली दादा झोपायचा, मला वारा लागू नये म्हणून.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून कुणा परक्याच्या दारात उभा राहिला असेल, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. किल्ली त्याने परत दिली तर माझ्यामुळे. मी येऊन पाय धरू, की तुम्हीच सांगाल?

लोभ मागायला तोंड नाही.
तुमचा गाढव दीर

२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, पण आधी कान पुढे कर.

पत्ता वाचला तेव्हाच अबक कोण ते कळलं. त्या खिडकीचं दुखणं ठाऊक असलेले आता आपण दोघेच उरलोत. भयंकर राग आला. थोरला म्हणून जन्मभर मिरवलो, आणि आता धाकटा खोटी गिऱ्हाइकं धाडून मला खेळवतो! फोन करून तुझी सालटी काढणार होतो, तेवढ्यात तुझी वहिनी माझा शर्ट आणि इस्त्री घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा इतका फुलला होता की गिऱ्हाईक खोटं आहे हे माझ्याने सांगवेना. म्हणून गेलो.

दिवसभर बसस्थानकावर बसून परत यायचा बेत होता. पाय मात्र गल्लीकडे वळले. आपल्या खोल्यांत आता दातांचे साचे करणारी एक बाई राहते. तिने दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मागची खिडकी लागत नाही ना? बाई बघतच राहिली, तुम्हाला कुणी सांगितलं म्हणाली. अजूनही लागत नाही रे ती. वाऱ्याने घरभर प्लास्टरची भुकटी उडत होती. मी झडप उतरवली, फुगलेली कड रंध्याने तासली, बिजागरी बदलली. खिडकी लागली. मग मी ती कितीतरी वेळा उघडली आणि लावली. बाईंना वाटलं असेल, म्हातारा चळला.

परतीच्या बसमध्ये फोन वाजला. म्हटलं, आला पुन्हा अबक. पण ही लीड खरी निघाली. तिथल्याच एका शाळेला वाचनालयाच्या सगळ्या खिडक्या दुरुस्त करून हव्यात. पुढच्या थांब्यावर उतरलो, मागे फिरलो, माप घेतलं, काम पक्कं करून आलो. तिकडची लीड इकडे कशी आली ते तुलाच ठाऊक. तुझी काहीतरी चूकच असणार. ती दुरुस्त करू नकोस.

किल्ली परत देत नाही. पण अबक कोण, हे वहिनीला कधीही कळता कामा नये. मी तिला सांगितलंय, टक्कल पडलेले भले गृहस्थ आहेत. निभावून ने.

थोरल्याचा लोभ असतोच, मागावा लागत नाही.
दादा

२६ फेब्रुवारी

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि. नशीब, तुमचं पत्र आलं तेव्हा हे शाळेच्या कामावर गेले होते. वाचून लगेच फाडून टाकलं. शाळेचं काम खरं आहे, तिथल्या मुख्याध्यापिकाबाई स्वतः माझ्याशी फोनवर बोलल्या, त्यामुळे किल्लीची काळजी सोडा. लाल दोरा मी कापून टाकला.

संध्याकाळी जेवताना मुद्दाम विचारलं, ते श्री. अबक दिसायला कसे होते हो? परवापर्यंत त्यांना नुसतं टक्कल होतं. आज मिशी फुटली, एक आळशी कुत्रा आला, आणि दर बिजागरीमागे घासाघीस करायची खोडही लागली. मी विचारत गेले, ते सांगत गेले. ताटातलं निवून गेलं तरी बोलणं थांबेना. कारखाना बंद झाल्यापासून हे एवढं बोलले नव्हते. शेवटी मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि तोंडात पदर कोंबून हसले, मग थोडी रडले.

तुमच्या पाया पडते भाऊजी, मला कळलंय हे त्यांना जन्मात सांगू नका. लोभ उघडा असावा, तोंड बंद असावं.
तुमची वहिनी

ता. क. उद्या विचारणार आहे, अबकांची बायको स्वभावाने कशी आहे.