सिस्टरची पेटी

५ मार्च, गुरुवार
भूगावच्या किचनची शटरं अर्धी झाली. गिऱ्हाइकाला पाडव्याआधी हवंय. दुपारी साळवे सिस्टर रिक्षातून शेडवर आल्या. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर, एक्याऐंशी. नर्स होत्या, निवृत्त होऊन जमाना झाला, तरी नाव सिस्टरच. वाटलं, कपाट हवं असेल.
"विलास, माझी पेटी करायचीय. माप घे."
"कसली पेटी?"
"पुरायची."
टेप हातातून पडली. तब्येत विचारली. ठणठणीत. पण ऐन वेळी भाचा कुठून तरी पातळ प्लायची आणेल आणि खांद्यावरच तळ सुटेल, म्हणे. असं दोनदा डोळ्यांनी पाहिलंय त्यांनी.
माप घेतलं. पाच फूट एक इंच. पायाशी जागा जास्त सोड म्हणाल्या. का?
"पाय ताणून झोपायची सवय आहे."

७ मार्च, शनि.
रूथला जेवताना सांगितलं. ठसका लागेपर्यंत हसली. मग एकदम ताट उचलून आत गेली. मीही माझं उचललं. पेटीचा विषय आमच्या घरात निघत नाही.
सिस्टरचा फोन. झाकणाला खिळे नकोत, बिजागऱ्या लाव. उठायला सोपं पडेल.
म्हटलं, सिस्टर, मेलेला माणूस उठवणाऱ्या देवाला चार खिळे जड जातील का?
"त्याला नाही जाणार. पण उगाच त्याचं काम कशाला वाढवू?" वर, "किचनला लावतोस ना, हळू मिटणाऱ्या? त्याच लाव. दाणकन आवाज नको."

११ मार्च, बुध.
खंडूअण्णा आत डोकावले. शेडचे मालक. त्यांची मेंढरं मागच्या अंगणात असतात.
"कोन गेलं रं मिस्तरी?"
"कुणी नाही. साळवे सिस्टरची आहे."
"त्या तर परवा हितं रिक्षातनं आलत्या!"
"आधीच करून ठेवतायत."
अण्णांनी पेटीभोवती एक फेरी मारली. "आशुभ हाय. झाकून ठिव." जाता जाता, "लाकूड कंचं?" सागवान म्हटल्यावर, "लई चांगलं."

१४ मार्च, शनि.
किचनवाले नवरा-बायको लॅमिनेटचा रंग ठरवायला आले. पेटीवर चादर होती. बाई दमून तिच्यावरच बसली.
"दिवाण का हा? आत स्टोरेज?"
हो म्हणालो. अगदीच खोटं नाही. तिनं झाकण उघडलं. आत अण्णांचं कोकरू झोपलेलं. नवरा म्हणाला, "क्यूट!" आता त्यांना बेडरूमसाठी अगदी अस्साच हवाय. विषय लॅमिनेटवर आणताना घाम फुटला.

१७ मार्च, मंगळ.
सिस्टर बघायला आल्या. नुसत्या बघायला नाही. चपला काढून आत जाऊन झोपल्या. झाकण लाव म्हणाल्या. लावलं. नेमके अण्णा दारात. आतून आवाज, "डावा खांदा लागतोय रे." अण्णा "आरं देवा!" करून बाहेर. थोड्या वेळानं आपसूक परत आले.
"बाई, मरनाचं भ्या वाटत न्हाई का तुमास्नी?"
"वाटायचं. आता दुसरंच वाटतं."
मग सांगत बसल्या. भाचेसुनेशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मागच्या महिन्यात शिऱ्याचा डबा घेऊन स्वतः गेल्या. "सगळे उठणार म्हटल्यावर तीही तिथं भेटणारच. तिथं तोंड फिरवून बसायला कोपरा कुठला? त्यापेक्षा इथंच मिटवलेलं बरं."
अण्णांना शंका. "समदीच उठत्यात?"
"सगळेच."
"माजा चुलतभाऊबी?"
"तोही."
"मंग मला न्हाई उठायचं."
सिस्टर पोट धरून हसल्या. निघताना मात्र मला हळूच विचारलं, "याआधी पेटी कधी केली होतीस?"
रंधा मारत राहिलो. रंध्याची गरज नव्हती.

१८ मार्च, बुध.
उत्तर इथंच लिहितो. सात वर्षं झाली. दोन फुटांची पेटी. लेक नऊ दिवस जगली. मीच केली, कुणाला हात लावू दिला नाही. आतून चारदा घासली, टोचू नये म्हणून. टोचणार कुणाला.
पाळकसाहेब म्हणाले, ती उठेल. मी "आमेन" म्हणालो. काय म्हणणार. तेव्हापासून चर्चमध्ये जातो, बसतो, उठतो. रूथचा विश्वास आहे. दर ईस्टरला पहाटे फुलं घेऊन कबरीवर जाते. त्या दिवशी मला दर वर्षी साईट निघते. यंदा माण गावातली सांगणार होतो.

२२ मार्च, रवि.
पेटी पोचवली. तिसरा मजला. लिफ्टमध्ये आडवी बसेना, उभी करून घातली. वॉचमननं विचारलं, "अलमारी है क्या?" मी हो म्हणणार, तेवढ्यात सिस्टर, "नहीं भैया, मेरे लिए है. मरने के बाद." वॉचमन जिन्यानं वर आला. बोट लावलं नाही.
सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा मेसेज, कृपया असे सामान लिफ्टमधून नेऊ नये. 'असे' म्हणजे कसे ते लिहायचा धीर झाला नाही त्यांना.
सिस्टरनी पेटीत रजया भरल्या. तोवर रिकामी कशाला.
चहा घेताना माझ्याच तोंडून निघालं. "सिस्टर, नऊ दिवसांचं पोर उठून करणार काय? तिला मानसुद्धा धरता येत नव्हती."
वाटलं, बायबलमधलं वचन सांगतील. सांगितलं नाही. कप खाली ठेवला.
"मला माहीत नाही, विलास. किती पोरं या हातांनी गुंडाळून दिली. त्यांचं एवढंच होतं, संपलं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझी रेटते?"
चहा गार झालेला. तसाच प्यायलो.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार
तीन तासांची उपासना. माईक मध्येच बंद. पाळकसाहेब मोठ्यानं ओरडून बोलले आणि नेमका तेव्हाच माईक सुरू झाला. पुढची रांग दचकून उभी राहिली, मागच्यांना वाटलं प्रार्थना आहे, तेही उभे.
घरी आल्यावर रूथ. "रविवारी साईट आहे?"
"बघतो."
तिनं माझा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. दर वर्षी ठेवते का? मी कधी बघितलं नव्हतं.

५ एप्रिल, रवि. ईस्टर
गेलो.
दफनभूमीत उजाडताना आमची बरीच मंडळी होती. कबर कुठली ते मला आठवेना. रूथच्या मागं मागं चालत राहिलो. लाज वाटली. क्रूस कलता झालाय, खालून लाकूड कुजलंय. नाव मात्र ताजं, 'जोआना'. दर वर्षी रूथ रंगवते म्हणे, नेलपेंटच्या ब्रशनं.
तिनं फुलं ठेवली आणि मातीकडं बघून म्हणाली, "आज पप्पा आलेत."
"तू बोलतेस तिच्याशी?"
"हो."
"माझ्याबद्दल काय सांगायचीस?"
"साईटवर आहेत."
हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही. रूथनं पदर पुढं केला. मी शर्टाच्या बाहीलाच डोळे पुसले, तिनंच इस्त्री केलेल्या.
पलीकडच्या रांगेत सगळे म्हणत होते, प्रभू उठला आहे. खरोखर उठला आहे. मी म्हणालो की नुसते ओठ हलले, सांगता येत नाही.
परतताना मीच बोललो. "जूनमध्ये दुसरीत गेली असती."
ती रस्त्यात थांबली. सात वर्षांत मी पहिल्यांदा...
मग म्हणाली, "अक्षर माझ्यासारखं आलं असतं."
म्हटलं, शक्यच नाही, तुझं कुणाला वाचता येतं? ती म्हणाली, तुमचं तरी कुठं. चौकापर्यंत तेच. मग गणित कुणाचं, त्यावरून. घर आलं, चहा झाला, अजून मिटलेलं नाही.