आप्पासाहेबांची मोटरहोम

९ नोव्हेंबर, रविवार

तोच व्हिडिओ आज अकराव्यांदा पाहिला. ओटा आहे, फ्रिज आहे, संडास-बाथरूम आहे — आणि छताला खिडकी आहे! पलंगावर पडून आकाश बघायचं. हे सगळं सहा चाकांवर. जाहिरातीत लिहिलंय : लक्झरी मोटरहोम, एकाच मालकाची, फार कमी चाललेली, दौलताबादजवळ उभी. म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर!

निवृत्त होऊन नऊ दिवस झाले. अठ्ठावीस वर्षं संभाजीनगर ते फुलंब्री आणि फुलंब्री ते संभाजीनगर. चौथीच्या पोरांना फळ्यावर भारताचा नकाशा काढून द्यायचे, कच्छपासून कन्याकुमारीपर्यंत, डोळे मिटून काढेन. आणि बाईंनी स्वतः काय बघितलं? फुलंब्रीचा स्टँड.

मला ही गाडी हवी आहे. लिहून टाकलं, आता मागे फिरता येणार नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

लेकीला, प्रेरणाला, पुण्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं — "आई, तू रिटायर झालीयेस, वेडी नाही." दोन्ही एकदम व्हायला बंदी आहे का?

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज यांच्याकडे, मल्हाररावांकडे, विषय काढला. आमचे मल्हारराव एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. शेवटची दोन वर्षं सिनिऑरिटी म्हणून डेपोत टेबलावर बसवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले. म्हणजे गाडी चालवायला घरचाच माणूस तयार. मी मनातल्या मनात त्यांना केव्हाच स्टेअरिंगवर बसवून ठेवलं होतं.

आणि ते म्हणतात काय — "मास्तरीणबाई, निम्मी हयात मुक्कामी गाडीत काढली मी. रात्री खेड्यात गाडी लावायची, डास मारत तिच्यातच झोपायचं, पहाटं तीच परत आणायची. आता पदरचे पैसे घालून परत गाडीतच झोपू व्हय?"

"त्यात एसी आहे," मी म्हटलं.

"नाय."

"संडास आहे."

इथं जरा थांबले. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला हा मुद्दा लगेच पटतो. पण पुन्हा मान हलवली. "नाय म्हणजे नाय. या हातानं स्टेअरिंग परत धरायचं नाय, असं ठरवलंय मी."

मग मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, घ्यायची कुठं आहे? नुसती बघून येऊ. तुमच्यासारखं गाडीतलं कळतंय कुणाला? पाच मिनिटं पेपरात डोकं घालून बसले. मग पेपराच्या आडूनच आवाज — "बघायला काय जातंय."

मी चहा टाकला. वेलची घालून!

१५ नोव्हेंबर, शनिवार

बघितली. बघितली, बघितली, बघितली!

सकाळी आठलाच निघालो. मल्हाररावांनी ठेवणीतली खाकी पँट काढली. नुसती बघायला चाललेला माणूस खाकी कशाला घालतो, हे मी विचारलं नाही. सोबत सांडूभाऊ, अकरा वर्षं यांच्याच गाडीवर कंडक्टर होते. "उस्तादनं हाक मारली आन् सांडू आला नाय, असं कधी झालंय का वहिनी?" डबाही घेऊन आले होते.

आप्पासाहेब म्हणजे दौलताबादकडचे मोठे बागायतदार, पेरूची बाग डोळ्यांत मावत नाही. त्यांनी हौसेनं ही गाडी बांधून घेतली. एकदा गोव्याला गेले, एकदा महाबळेश्वरला. "दुसऱ्या खेपेला सुना भांडल्या," आप्पासाहेब म्हणाले. "घरी भांडल्या तर एक वर जाती, एक खाली बसती. इथं जाणार कुठं? सातारा येईस्तोवर मी ड्रायव्हरशेजारी बसून देवाचं नाव घेत होतो." तेव्हापासून गाडी झाडाखाली उभी.

मी आत शिरले ती बाहेर येईचना. एकूण एक कप्पा उघडून बघितला. प्रत्येकाला खटका आहे, वळणावर भांडी अंगावर येऊ नयेत म्हणून. टेबल खाली केलं की दुसरा पलंग! बाथरूमचं दार लावून आत उभी राहिले आणि एकटीच हसत सुटले, बाहेर ऐकू गेलं असणार. मग मागच्या पलंगावर आडवी झाले, आकाश बघायला. छताच्या काचेवर कावळ्यांनी चार वर्षांचं काम करून ठेवलं होतं. आकाश काही दिसलं नाही, पण तिथंच आहे, याची खात्री आहे.

इकडे या दोघांची तपासणी सुरू. मल्हारराव एक लोखंडी सळई घेऊन प्रत्येक टायर ठोकत फिरले, कान देऊन. ऑइलची पट्टी काढली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. टायरवरचे तारखेचे बारीक आकडे सांडूभाऊंना वाचायला लावले, "चष्मा घरी राहिला" म्हणून. टायरांच्या नक्षीला धक्का नाही, पण वय पाच वर्षं. मग आत येऊन छताच्या खिडकीभोवतीचा भाग तळव्यानं दाबत दाबत गेले आणि एका जागी थांबले. "इथं पाणी मुरलंय. प्लाय फुगलाय." मी त्याच खिडकीखाली मघाशी चादरीचा रंग ठरवत होते, मला काही दिसलं नव्हतं.

आणि मग जे झालं ते एसटीवाल्यांनाच जमावं. एसटीत रीत अशी, की दोष दिसला की सांगायचा आणि हाताशी असेल तो तिथंच काढायचा, कारण थोड्या वेळानं तीच गाडी आपल्याला न्यायची असते. दोघेही साफ विसरले की ही गाडी अजून आपली नाही! डिझेलच्या पाइपातली हवा काढली. ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली, टोकं घासून लख्ख केली. पाण्याच्या टाकीची गळती थांबवली. मागचं दार लागत नव्हतं, ते लागायला लागलं. दुपारी एकला सांडूभाऊंनी किल्ली फिरवली आणि चार वर्षं मुकी असलेली गाडी धडधडली. मल्हारराव तोंडाला काळं फासून हसत उभे. तीन वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आप्पासाहेबांनी खूश होऊन टोपलीभर पेरू आणवले.

"आता तुम्ही चालवून बघा," मी म्हटलं.

"चालवू दे त्यांच्या ड्रायव्हरला," मल्हारराव म्हणाले. "मला मागं बसून आवाज ऐकायचाय."

किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. हे मागच्या पलंगावर डोळे मिटून बसलेले. "मागचं उजवं बेअरिंग बोलतंय," एवढंच म्हणाले. काय हा माणूस! माझा नवरा आहे, हे मी आप्पासाहेबांच्या ड्रायव्हरला दोनदा सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पडदे पिवळे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मल्हाररावांनी दोषांचा कागद सांगितला, मी लिहिला. अकरा दोष. शेवटी रीतसर वाक्य — "वरील दुरुस्तीशिवाय गाडी मार्गावर सोडू नये." यांनी कागदाचा फोटो काढून आप्पासाहेबांना पाठवूनही दिला. अहो, विकणाऱ्याला कशाला? भाव पाडायला आपल्याजवळ ठेवायचा होता ना!

"दोष लपवायचा नसतो," म्हणाले. "पुढच्या ड्रायव्हरचा जीव जातो."

मी गॅसवरची भाजी हलवली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आप्पासाहेबांचा फोन. "तुमच्या मालकांचे लई उपकार झाले बघा. आता एका किल्लीत चालू होतीय. त्यांच्या कागदावरची निम्मी कामं मी कालच करून घेतली. आता नाशिकची एक पार्टी रविवारी बघायला येतीय. तुमचं काय व्हय-नाय ते तोवर कळवा."

म्हणजे नवरी आम्ही सजवली आणि वऱ्हाड नाशिकचं! मी इतकी चिडले की कणकेत मीठ दोनदा पडलं. सांडूभाऊंना फोन केला, तर तिकडून हसण्याचाच आवाज. मग मलाही हसू फुटलं. पण रविवार पाच दिवसांवर आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हे लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

मल्हारराव ओट्याशी मटार सोलत बसले होते. मी समोर खुर्ची ओढली. म्हटलं, माझ्या निवृत्तीच्या पैशांतून घेते, तुमच्या पैशाला हात लावत नाही. गाडी खराब आहे का?

"गाडी चांगलीय. मन लागलं माझं तिच्यात."

"मग व्हय म्हणा. तेवढंच पाहिजे मला."

"चालवायची कुणी?"

"तुम्ही, दुसरं कोण? कसला राग धरलाय त्या स्टेअरिंगवर?"

त्यांनी हात पुसले. "काचबिंदू आहे, सुकेशनी. दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसतंय, कडंचं गेलंय."

मला ते नावानं हाक मारत नाहीत. लग्न झाल्यापासून चार वेळा मारली असेल.

तीन वर्षांपूर्वी एसटीच्या वैद्यकीय तपासणीत सापडलं. गाडी काढून घेतली. सिनिऑरिटी वगैरे काही नव्हतं. टेबलही नव्हतं, स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून द्यायचे. रोज सकाळी मी इस्त्री करून दिलेली खाकी घालून. डोळ्यांत ते थेंब घालायचे, ते धुळीसाठी म्हणून सांगायचे. मी विचारलंही नाही कधी, इतकी धूळ डेपोत कुठून येते.

मी उठून त्यांच्या कानाजवळ हात धरला. "दिसतो?"

"काय?"

हात हळूहळू पुढे आणत गेले. पार नाकासमोर येत आला तेव्हा म्हणाले, "आता दिसला." दुसऱ्या बाजूनंही तेच. शनिवारी त्यांनी गाडी तपासली, आज मी त्यांना तपासलं.

"मला का नाही सांगितलं?"

त्यांनी परत मटारची एक शेंग सोलली. मग म्हणाले, "तू साऱ्या शाळेला सांगत फिरायचीस, आमच्या मालकांच्या हातनं गाडीला एक ओरखडा नाय. माझ्याकडं तेवढंच होतं. तेबी गेलं, हे कसं सांगू?"

मी त्यांच्याशेजारी बसून उरलेले मटार सोलले. रडलेही. लपवलं नाही, तसंही कडेला बसले होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आज मी सोबत गेले. पहिल्यांदा. डॉक्टरबाई म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही; थेंब नेमानं घातले तर उरलेली टिकेल. किती वर्षं, ते त्यांनाही सांगता येईना. रिक्षात मी यांच्याकडे पाठ करून बसले. राग आहेच. राहणार आहे. तीन वर्षं!

घरी आल्यावर सहज विचारलं, तुम्ही अख्खा महाराष्ट्र फिरलात, सगळ्यात सुंदर काय बघितलं? विचार करून करून म्हणाले, "रस्ता. ड्रायव्हरला दुसरं काय बघायची सोय असती?"

मला नकाशा बघायचा होता, माझ्यासाठी. आज पहिल्यांदा वाटलं, माझं राहू दे. यांना दाखवायला पाहिजे. आणि दिसतंय तोवरच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

"आप्पासाहेबांना नाय म्हणून कळव," मल्हारराव सकाळीच म्हणाले. "बिचारे वाट बघत बसतील." बरं म्हटलं. गच्चीवर जाऊन फोन केला. काय बोलले ते इथंही लिहीत नाही, दृष्ट लागेल.

प्रेरणाला मात्र सांगावं लागलं, तिची मदत लागणार होती. आधी मोठ्यानं हसली. मग बाबांचं कळल्यावर रडली. मग नाक ओढत म्हणाली, "कागद कुठले लागतात ते सांगते, लिहून घे."

२३ नोव्हेंबर, रविवार

नाशिकची पार्टी सहा फुटांच्या वर निघाली. पलंग आखूड पडला! गाडी माझी झाली.

१ डिसेंबर, सोमवार

आरटीओतून आत्ताच आले. पंधरापैकी चौदा प्रश्न बरोबर. लर्निंग लायसन्स निघालं — माझ्या नावाचं.

मल्हाररावांनी कागद डोळ्यांसमोर धरून दोनदा वाचला. "मग मी काय करायचं?"

म्हटलं, खिडकीशी बसायचं.