ओप्पू गिन्दोची दोन थडगी

मी तोगार सिमारोहा, वय त्र्याहत्तर, धंदा पूर्वी तोबा सरोवरावर उतारूंची बोट चालवण्याचा, हल्ली कुरकुरण्याचा, राहणार हुता सिओपात, सामोसिर बेट, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा चुलतभाऊ मारुदुत उद्या म्हणायला कमी करणार नाही की म्हातारा भ्रमिष्ट झाला होता. मला कोणी धाक घातलेला नाही. ताडी घेतली आहे, पण ती रोजचीच. यापूर्वी दोनदा मृत्युपत्र केलं. दोन्ही रागात केली होती, ती रद्द समजावीत. हेही रागातच करतो आहे, पण हे शेवटचं.

माझ्या नावाबद्दल आधीच खुलासा करतो, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. गावात मला तोगार कोणी म्हणत नाही. पित्तोर जन्मला तेव्हा मी आमा पित्तोर झालो, म्हणजे पित्तोरचा बाप. पित्तोरला पहिली मुलगी लासमा झाली आणि मी ओप्पू लासमा झालो, लासमाचा आजोबा. ज्याला पोरंबाळं झाली त्याला जन्मनावाने हाक मारणं आमच्यात पाणउतारा समजतात. रीत चांगली आहे. पण तिच्यापायी माझी म्हातारपणाची दोन वर्षं वाया गेली, हेही इथे नमूद करतो.

कलम १. राहतं लाकडी घर आणि मागचा कॉफीचा मळा मुलगा पित्तोर याला. घराचं छप्पर त्याने माझ्या हयातीत एकदाही दुरुस्त केलं नाही, तरी त्यालाच.

कलम २. बोट, तिचं इंजिन, पान्यांची पेटी आणि धक्क्यावरचा बांधायचा हक्क मुलगी रोली हिला. भाऊबंद म्हणतील, मुलीला कुठे वाटणी असते? पित्तोरला बोटीत पाय ठेवला की ओकारी येते. रोली बाराव्या वर्षापासून माझ्यासोबत इंजिन उघडत आली आहे. यावर ज्याला बोलायचं असेल त्याने आधी ते इंजिन चालू करून दाखवावं.

कलम ३. चुलतभाऊ मारुदुत याला माझ्या मालमत्तेतला एक खिळाही मिळणार नाही. याचं कारण राग हे नाही. म्हणजे राग आहेच, पण कारण पुढे कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. खाटेखालची पत्र्याची ट्रंक. हिच्यात वंशावळी आहेत: आमच्या सिमारोहा कुळाची, पलीकडच्या काठावरच्या लुम्बानहारा कुळाची, आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींच्या नकला. ही ट्रंक नात लासमा हिला. तिने ती जाळली तरी माझी हरकत नाही. पण त्याआधी हे कलम पूर्ण वाचावं.

दोन वर्षांपूर्वी लुम्बानहारांच्या बोनारसाठी लासमाला मागणी आली. मुलगा गुणाचा, पोरीच्या मनातला. बोलणी करायला त्यांची माणसं बोटीने आली, ओट्यावर चटया पडल्या, मी नवा सदरा घातला होता. आणि मारुदुत उठला. पित्तोरच्या लग्नात मी त्याला मुख्य वक्ता केलं नाही, थोरल्या काकांना केलं, तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. आमच्याकडे विधीच्या वेळी कुळातर्फे बोलणारा माणूस म्हणजे केवढा मान, आणि मारुदुतचा आवाज चांगला आहे हे मी नाकारत नाही.

"थांबा," तो म्हणाला, "हे लग्न नव्हे, पाप आहे. ही दोघं एका कुळाची. भाऊबहीण!"

त्याने लुम्बानहारांचीच छापील वंशावळ काढून वाचली. त्यात लिहिलेलं: तिउर नावाच्या मुलीचा बाप भावांशी भांडून सरोवर ओलांडून हुता सिओपातला गेला, तिथे तो ओप्पू गिन्दो म्हणून ओळखला जाई, पुढचा वंश ठाऊक नाही. आता गिन्दो म्हणजे माझा आजा. ओप्पू गिन्दो म्हणजे माझा खापरपणजा. म्हणजे आम्ही रक्ताने लुम्बानहाराच, सिमारोहा नव्हेच, आणि लासमा ही बोनारची कुळातली बहीण!

बोनारचा आजोबा, ओप्पू बोनार, साधा माणूस. तो पुस्तक हातात धरून बसला. "आमच्या पुस्तकात आहे खरं," एवढंच म्हणाला. ते लोक न जेवता परत गेले.

त्या दिवसापासून मला काही सुधरेना. आमची वंशावळ सांगते, ओप्पू गिन्दो हा सिमारोहाचाच, बापाचा तिसरा मुलगा, जुन्या देवांना मानणारा, टेकडीवर दगडी थडग्यात पुरला. त्यांची सांगते, तो लुम्बानहारांचा. चर्चची नोंद सांगते, योहानेस ऊर्फ ओप्पू गिन्दो, म्हातारपणी बाप्तिस्मा घेतला, काठावर हारिआराच्या झाडाखाली पुरला. टेकडीवर पुरल्यानंतर सहा वर्षांनी हा गृहस्थ बाप्तिस्मा घेतो! मी टेकडीवरचं थडगं पाहिलं, झाडाखालचं पाहिलं. दोन्हीकडे गावातले लोक शपथेवर सांगतात, हाच ओप्पू गिन्दो. मी कुळाच्या लेखनिकाला शिव्या घातल्या, पाद्र्याला घातल्या, लुम्बानहारांच्या छापखान्याला घातल्या. एक माणूस दोनदा मरतो आणि मधे धर्म बदलतो, असं कुठे असतं का? आणि या तिन्ही कागदांत एकाही बाईचं नाव नाही, तेवढी एक तिउर सोडून. कोणाची आई कोण, बायको कुठल्या कुळातली, लिहायचं नावच नको. पुरुषांनी लिहायचं, पुरुषांचं लिहायचं, आणि मग आमच्यासारख्यांनी आयुष्यभर डोकं आपटत बसायचं!

लासमा इस्पितळात नर्स आहे. तोंडाने काही बोलत नव्हती, पण खंगत चालली होती. एकदाच म्हणाली, "ओप्पुंग, तुमचा तो मेलेला म्हातारा सापडेपर्यंत मी म्हातारी होईन." ते मला लागलं. फार लागलं.

आणि ओप्पू बोनारला काय म्हणावं तेही कळेनासं झालं. सोयरे असतील तर एकमेकांना "लाए" म्हणायचं, भाऊबंद असतील तर भाऊ. धक्क्यावर गाठ पडली की दोघं नुसते "अहो, अहो" करायचो.

मग गेल्या मे महिन्यात मी मेलो.

झालं असं की बालिगेला लासमाच्या आईचे वडील वारले. माझे जिवलग दोस्त, बुद्धिबळात मला कायम हरवणारे. पित्तोर, सूनबाई, लासमा लगेच गेले. माझा गुडघा धरला होता, मी दुसऱ्या दिवशी निघणार होतो. इकडे लोकांच्या फोनवर निरोप फिरला: ओप्पू लासमा गेले. मी ओट्यावर शेंगा सोलत बसलेलो, तर मारुदुत वाटेवरूनच हंबरडा फोडत आला.

"दादा रे! मला एकट्याला टाकून कसा गेलास रे!" आणि मला बघून जागीच थबकला.

"कुठे जाणार? बस. शेंगा खा."

"तू... तू गेलायस ना?"

"माझ्यापर्यंत निरोप आला नाही अजून."

"अरे पण मी सगळं भाषण पाठ करून आलो!" हे तो खरोखर दुखावून म्हणाला. बसला आणि शेंगा खाऊ लागला.

तेवढ्यात बोट लागली. ओप्पू बोनार आला, खांद्यावर उलोसचं विणलेलं वस्त्र, हातात झाकलेलं पातेलं. मला पाहून बिचारा मटकन खाली बसला. पाणी दिलं. पातेल्यात हळद-मसाल्यात शिजवलेला अख्खा मोठा मासा होता.

"अहो, हा मासा कशाला?" मी विचारलं.

"तुमच्या घरात कोणी गेलं की आम्ही मासा आणि उलोस आणतो. माझा बाप आणायचा, आजा आणायचा. का, ते विचारू नका, आम्हाला माहीत नाही."

"मी तर कधी पाहिला नाही!"

"मागच्या दाराने द्यायचो, बायकांच्या हाती. तुमची मंडळी होत्या तोवर त्याच घ्यायच्या. आज मागे कोणी दिसलं नाही, म्हणून पुढून आलो."

जन्मभर मासा माझ्या स्वयंपाकघरात येत होता आणि मी पुढच्या ओट्यावर पुरुषांशी वाद घालत बसलो होतो! मला इतका संताप आला की काय सांगू. कोणावर, ते अजून ठरलेलं नाही.

मारुदुतने पातेल्यात हात घातलाच होता. "मेला नाहीस तर नाहीस, मासा कशाला वाया घालवायचा?"

"मारुदुत," मी म्हटलं, "भावाच्या घरी मासा घेऊन कोण येतं?"

"भाऊ कशाला आणेल? मासा आणि उलोस आणतात ते मुलीच्या माहेरचे. ज्यांनी आपल्याला मुलगी दि..." घास त्याच्या तोंडातच राहिला.

आमच्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मुलगी देणारे मासा आणतात, मुलगी नेणारे डुकराचं मांस आणतात, आणि भाऊबंद नुसते जेवायला येतात.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बालिगेला एक ओप्पू लासमा तिरडीवर आहे आणि इथे दुसरा ओप्पू लासमा शेंगा सोलतोय. एकाच पोरीचे दोन आजोबा, बापाकडचा एक, आईकडचा एक, आणि नाव दोघांना त्या पोरीवरूनच. आईकडच्याला वेगळी खूण लावून बोलायची रीत आहे, पण बोलता बोलता कोण लावतो, आणि परदेशी पाद्री तर कुठली लावणार! मासा आणतात म्हणजे लुम्बानहारांनी आम्हाला मुलगी दिली, आणि ती मुलगी तिउरच: माझी पणजी, गिन्दोची आई. तिचा बाप लुम्बानहारा. भावांशी भांडला आणि लेकीकडे येऊन राहिला. तोही ओप्पू गिन्दो. तिचा सासरा सिमारोहा, तोही ओप्पू गिन्दो. एक टेकडीवर, एक झाडाखाली. कोणताही कागद खोटं बोलत नव्हता. मी हसायला लागलो, आणि मग माझ्या बालिगेच्या दोस्ताची आठवण येऊन तिथेच ढसाढसा रडलो. मारुदुतला वाटलं, आता मात्र म्हातारा गेला.

वाटलं, संपलं. कसलं संपतंय! कुळातले वडीलधारे म्हणाले, कागद दाखव. अहो, माशाचा कागद कुठून आणू? मारुदुतनेही चार दिवसांत पलटी मारली: "मासा खाल्ला म्हणजे मी काही कबूल केलं असं नाही." शिवाय नवा फाटा काढला, ज्या घरची मुलगी आणली त्या घरी मुलगी कशी द्यायची? त्याचं उत्तर मात्र वडीलधाऱ्यांनीच दिलं: एवढ्या पिढ्या लोटल्यावर ते आड येत नाही, पण आधी ते मुलगी देणारेच होते हे सिद्ध कर. म्हणून पुढचं कलम.

कलम ५. माझ्या अंत्यविधीत सिमारोहा कुळाचा मुख्य वक्ता मारुदुत हाच असेल. दुसरा कोणी नाही. त्याने पाठ केलेलं भाषण पूर्ण करावं, कोणी मधे थांबवू नये. अट एकच. सोयऱ्यांना मानाने बोलावताना त्याने लुम्बानहारांना पणजीचं माहेर म्हणून, तिउरचं नाव घेऊन, खड्या आवाजात बोलवावं, आणि त्यांचा मासा आणि उलोस सगळ्या गावासमोर, पुढच्या दाराने घ्यावा. आमच्यात चार कुळांदेखत जो मान दिला-घेतला जातो तो कागदापेक्षा पक्का. अट मान्य नसेल तर वक्ता तिसऱ्या गावाहून भाड्याने आणावा.

मारुदुतला मालमत्तेत काही ठेवलं नाही ते याचसाठी. ज्याला वाटणी मिळते तो साक्षीदार चालत नाही, असं वकिलाने सांगितलं. याला काहीच मिळत नाही, म्हणून हा चालतो.

हे मी लासमाला वाचून दाखवलं. मला वाटलं, खूश होईल. ती चिडली.

"म्हणजे तुम्ही मरायची वाट बघत मी बसायचं? रोज सकाळी उठून बघायचं, ओप्पुंग आहेत का गेले?"

"मग काय करू बाई मी? माझ्या हातात दुसरं काय आहे?"

"हात तर आहे ना? लिहा की पुढे. जिवंतपणीच होऊ द्या."

पोरगी माझ्यावर गेली आहे. म्हणून

कलम ६. म्हाताऱ्यांना लेकरांनी आपल्या हाताने घास भरवायचं आमचं जे जेवण असतं, ते माझ्यासाठी आज, या तारखेला ठेवलं आहे. हे मृत्युपत्र त्या जेवणात, मी समोर बसलेलो असताना, मारुदुतने मोठ्याने वाचायचं आहे. कलम ५ मधला मान त्याने आजच द्यायचा आहे. अंत्यविधीत पुन्हा द्यावा. तेव्हा मला ऐकू येणार नाही, पण त्याला दोनदा बोलायला मिळेल.

शेवटची सूचना. माझ्या थडग्यावर सगळी नावं लिहावीत: जन्मनाव, पित्तोरचा बाप, लासमाचा बापाकडचा आजोबा. शेजारी माझ्या बायकोचं नाव, तिच्या कुळासकट. आणि लासमा व बोनारच्या पोरांची नावं वंशावळीत चढतील तेव्हा आईचं नाव आधी लिहावं. कोणी विचारलं तर सांगा, म्हाताऱ्याचा हुकूम आहे.

ठिकाण: हुता सिओपात, माझ्या घराचा पुढचा ओटा. दिनांक: १४ सप्टेंबर २०१९.

लिहून देणार: तोगार सिमारोहा. लासमाचा बापाकडचा आजोबा. आईकडचा बालिगेला होता, तो आधी गेला.

साक्षीदार पहिला: ओप्पू बोनार, जन्मनाव साहात लुम्बानहारा. मासा आणि उलोस घेऊन पुढच्या दाराने आलो. आजपासून तोगारला लाए म्हणतो.

साक्षीदार दुसरा: मारुदुत सिमारोहा, मुख्य वक्ता. सगळं मोठ्याने वाचलं, माझ्याबद्दलचं सुद्धा. लुम्बानहारा हे आमची पणजी तिउर हिचं माहेर, हे सगळ्या गावासमोर बोललो. मासा घेतला. लग्नात वक्ता कोण, ते इथे लिहायचं राहिलं आहे, तो मीच.