मुदलाळींचं अर्धं डोकं

५ जानेवारी
आणि वर मुदलाळी पुन्हा मलाच विचारतात, तंबी, तोंड का पाडलंस! म्हणायला धाकटा भाऊ. पाडू नको तर काय करू? तीन वर्षं झाली मलेशियात, या सलूनमध्ये. खाली दुकान, वर खोली, मधे लोखंडी जिना. कोंबडीला तरी दिवसा खुराड्यातून सोडतात. पासपोर्ट मुदलाळींच्या खणात, म्हणजे मी त्यांच्या खणात. मालक झाले म्हणून काय झालं?

तामरैचं लग्न ८ फेब्रुवारीला. धाकटी बहीण, एकुलती एक. होमाच्या वेळी तिच्या ओंजळीत लाह्या भावानेच घालायच्या. मी नसलो तर तो मान चुलतभाऊ करुप्पय्याला जाणार. ज्या हाताने बकरे कापतो त्या हाताने!

उद्या रजा मागतो. सरळ. भितो की काय कुणाला.

६ जानेवारी
मागितली नाही. गिऱ्हाईक होतं.

७ जानेवारी
मागितली नाही. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे मुदलाळी वैतागलेले.

११ जानेवारी, सोमवार, दुकान बंद
अम्माचा फोन. म्हणते, पार्टनर माणसाला रजा मागावी लागते होय रे?

गावाकडे मी सलूनमध्ये पार्टनर आहे असं सांगून ठेवलंय. खोटं नाही. व्हायचा बाकी आहे, एवढंच. अम्मा म्हणते, त्या एका शब्दावर नवऱ्यामुलाच्या घरचे हो म्हणाले. माझ्या शब्दाला गावात वजन आहे. इथे कुणाला त्याची किंमत नाही.

१३ जानेवारी
प्लॅन ठरला. इतका साधा की आधी कसा सुचला नाही.

मुदलाळी दरवर्षी तैपूसमच्या जत्रेची गर्दी व्हायच्या आधी बातू गुहांना जाऊन मुरुगनला केस देतात. परक्या वस्तऱ्याखाली मान द्यायची नाही, म्हणून मला आणि दुकानातल्या मुत्तुअण्णनला सोबत नेतात. दरवर्षी मुत्तुअण्णन करतो. यंदा मी करणार. अर्धं डोकं झालं की हात थांबवायचा आणि रजा मागायची. अर्धं डोकं घेऊन माणूस पळेल कुठे? आणि देवाच्या दारात नाही म्हणेल कसा?

मुत्तुअण्णनला सांगितलं. वीस वर्षं इथे कात्री चालवतोय, डोकं मात्र तेवढंच राहिलं. म्हणाला, आणि मुदलाळी हो म्हणाले तर काय करशील?

मूर्ख प्रश्न.

१८ जानेवारी, संध्याकाळी
सविस्तर लिहायला हवं.

पायऱ्यांच्या पायथ्याशी नळाजवळ मुदलाळी स्टुलावर बसले. शर्ट काढला, मान खाली घातली. खाली मान घातलेले मुदलाळी आज पहिल्यांदाच पाहिले. डावी बाजू साफ केली. थांबलो. वस्तरा पुसला. ते म्हणाले, काय रे, धार गेली? मी म्हणालो, मुदलाळी, एक विचारायचं होतं. म्हणाले, विचार की. मी विचारलं, पाणी फार गार नाही ना लागत?

पहिला वार हुलकावणीचाच मारायचा असतो.

दुसरा मारायच्या आत तेच म्हणाले, तंबी, महिनाभर कॅलेंडरपुढे उसासे टाकतोयस, बहिणीचं लग्न आहे ना? जाणार आहेस की नाही? मी म्हणालो, पासपोर्ट. ते म्हणाले, खणात आहे, घे. खणाला कुलूप कुठे आहे? खोलीत उंदीर कुरतडतील म्हणून तूच ठेवायला दिला होतास. जा, महिनाभर राहून ये. आता उजवी बाजू कर बाबा, माकडंसुद्धा हसायला लागली.

माकडांचं माहीत नाही, मुत्तुअण्णन नळाला धरून हसत होता.

एवढा पक्का प्लॅन, आणि या माणसाने मागायच्या आधी देऊन त्याची माती केली. धड भांडूही देत नाही.

मग वर गेलो. गुहेच्या छताला मोठं भगदाड आहे, त्यातून आभाळ दिसतं. पण तिथून कुणी बाहेर जात नाही. आलो त्याच पायऱ्यांनी उतरायचं. तिथेच अम्माचा फोन आला. रजा मिळाली म्हणून सांगितलं तर रडलीच. मग म्हणाली, फ्लेक्स छापायला दिलेत. माझा मिशीवाला फोटो आणि खाली ‘मलेशियाचे सलूनमालक’. म्हटलं, अम्मा, पार्टनर. म्हणाली, तेच ते. शिवाय नवऱ्यामुलाच्या धाकट्या भावाला तू परत जाताना नेशील आणि तुझ्या दुकानात लावशील, असा शब्द दिलाय मी. पोराने नोकरी सोडली.

फोन ठेवला आणि एकदम भक्ती दाटून आली. इतकी की पायऱ्या धावतच उतरलो. मुत्तुअण्णनला म्हटलं, माझेही घे. केस आणि मिशी. तो म्हणाला, मिशी? तीन आठवड्यांवर लग्न आलंय, डोकं ठिकाणावर आहे का? मुदलाळी म्हणाले, तंबी, जरा दमाने घे. मी म्हणालो, देवाला द्यायचं ते अर्धवट देऊ नये.

ओठावर वारा लागतो. विचित्र वाटतं.

२० जानेवारी
आता अडचण अशी. आमच्याकडे डोकं आणि मिशी उतरवलेला माणूस दिसला की लोक विचारतात, घरात कोण गेलं? असला चेहरा घेऊन होमापुढे उभा राहू? मला माझं काही नाही, मी तामरैचा विचार करतोय.

मुत्तुअण्णन म्हणतो, देवाला दिलेल्या केसांना कुणी अपशकुन म्हणत नाही. आणि तोपर्यंत मिशी दिसायला लागेल, न्हाव्याला काय शिकवतोस! त्याला फक्त केसांतलं कळतं.

खण ओढून पाहिला. पासपोर्ट आहे. कुलूप खरंच नाही. मालकाने एवढं निष्काळजी असू नये. बंद केला.

२४ जानेवारी
अम्माला सांगून टाकलं, मुदलाळींनी दिलेली रजा रद्द केली, फार कठोर माणूस आहे. ती म्हणाली, पण दुकान तर तुझंही ना? म्हणालो, म्हणून तर. मालकाला दुकान सोडता येतं का?

तामरैने फोन घेतला. म्हणाली, अण्णा, लाह्या कोण घालणार? म्हणालो, करुप्पय्या घालेल, हात चांगला आहे त्याचा.

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.

मुदलाळी रोज विचारतात, तिकीट काढलंस का रे? आज सांगितलं, लग्न पुढे गेलं. ते हळहळले. म्हणाले, नवी तारीख कळली की सांग, तेव्हा सोडतो.

२६ जानेवारी
लग्नासाठी अम्माच्या नावावर पैसे भरून आलो. तिकिटासाठी साठवलेलेही त्यातच घातले, आता ठेवून काय करू. पाठवले: दोन हजार चारशे रिंगिट.